जन्मतारखेचं वय, अंगाचं वय आणि पाण्यातलं वय

प्रश्न असा आला आहे: "माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, नवव्या वर्षापासून वॉटर पोलो खेळतो. त्याच्याच वर्षात जन्मलेला दुसरा एक मुलगा गेल्या हंगामात पोहण्याच्या स्पर्धा सोडून इकडे आला. माझ्या मुलापेक्षा हातभर उंच, शॉट जोरदार. आता तो सुरुवातीच्या सातांत आहे आणि माझा मुलगा बाकावर. चार वर्षांच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? हे वयाबरोबर आपोआप सुटतं, की आत्ताच काही करायला हवं?"

कोच म्हणून दर हंगामात हा प्रश्न कुणी ना कुणी मला विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. तो रास्तच आहे. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. तेराव्या वर्षी अंग मोठ्याने बोलतं आणि अनुभव हळू आवाजात. सतराव्या-अठराव्या वर्षी बहुतेकांची वाढ उरकलेली असते, अंगाचा गलका ओसरतो आणि तो हळू आवाज ऐकू यायला लागतो. अट एवढीच की तोवर मुलगा पाण्यात टिकला पाहिजे आणि त्याच्या गाठीला खरोखर अनुभव असला पाहिजे. तुम्ही सांगता ती चार वर्षं म्हणजे अनुभव आहे की नुसती चार वर्षं, ते मला तुमच्या प्रश्नावरून कळलेलं नाही. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी "वय" या शब्दाचा गुंता सोडवू. संघाच्या यादीत जन्मतारीख असते. तलावात मात्र ती जन्मतारीख खेळत नाही, मुलाचं अंग खेळतं, आणि अंगाचं वय वेगळं चालतं. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या आसपास. ही झाली सरासरी. काही मुलं बाराव्यातच ताड होतात, काहींची वाढ पंधरावं उलटल्यावर सुरू होते आणि दोन्ही प्रकार अगदी नॉर्मल असतात. म्हणजे तेरा वर्षांच्या गटात एकाच कॅपच्या रंगाखाली अंगाने पंधरा वर्षांचा मुलगा असतो आणि अंगाने अकरा वर्षांचाही. त्यात जन्ममहिन्याची भर पडते. गट जन्मवर्षावर पाडले की जानेवारीत जन्मलेल्याला डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास एक वर्ष फुकट मिळतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांत हे वर्ष म्हणजे आयुष्याचा नववा-दहावा हिस्सा. लहान वयोगटांच्या निवड झालेल्या संघांची जन्ममहिन्यांची यादी कधी काढून बघा, वर्षाच्या पहिल्या महिन्यांची गर्दी दिसेल. पुष्कळ खेळांत हे असंच आढळलेलं आहे.

आता कुठलं कौशल्य कुणाचं ऐकतं, ते बघू.

शॉटचा वेग अंगाचं ऐकतो. हात लांब झाला की टोकाचा वेग वाढतो, खांदे-पाठ भरली की धड वळण्यात जोर येतो, पंजा मोठा झाला की चेंडू मुठीत बसतो. या तिन्ही गोष्टी वयात येताना मिळतात, सराव केला काय आणि नाही काय. मोठ्या पुरुषांचा चेंडू घेरात ६८ ते ७१ सेंटीमीटर असतो, स्त्रियांचा ६५ ते ६७, आणि दोन्हींचं वजन ४०० ते ४५० ग्रॅम. छोट्या पंजाच्या मुलाला तो वरून पकडताच येत नाही, तो खालून तोलून धरतो. तोललेल्या चेंडूने हूल देता येत नाही, कारण हात थांबवला की चेंडू घरंगळतो. मग गोलकीपर फसत नाही, आणि बाहेरून बघणारा म्हणतो, "याला हूल देता येत नाही." अहो, पंजा मोठा होऊ द्या! म्हणून तर लहानांना लहान चेंडू द्यायचा असतो. मोठ्या चेंडूने सुरुवात केलेलं मूल कोपर खाली पाडून चेंडू ढकलायला शिकतं, आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही.

निवड चाचणीत हल्ली रडार गन आणतात. चौदाच्या आतल्या गटात ती गन मुख्यतः कोण वयात आलंय ते मोजते, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा पडद्यावर दिसला की सगळे माना डोलावतात, म्हणून ती लोकप्रिय आहे. वरच्या पातळीवरचे प्रौढ पुरुष ताशी ७० किलोमीटरच्या पुढे चेंडू फेकतात. तिथे गनला अर्थ आहे, कारण तिथे सगळ्यांची वाढ संपलेली आहे.

गोलपासून दोन मीटरवर सेंटरला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या जागी, रेटून उभं राहणं, छोट्या अंतराची स्प्रिंट, उंच उडी मारून पास अडवणं, हेही बरंचसं अंगाचं. तेराव्या वर्षी या कामांत तुमचा मुलगा हरणार. आणखी पन्नास पुशअप काढूनही हरणारच.

पाय मात्र वेगळ्याच घड्याळावर चालतात, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पालक चेंडूकडे बघतात आणि पाण्याखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. या खेळात तळाला पाय टेकता येत नाही. मग फेकणाऱ्याने जोर कशावर उभा राहून लावायचा? एगबीटरवर. उजवा पाय एका दिशेने आणि डावा उलट दिशेने, आळीपाळीने फिरवत राहायचं, गुडघे वर आणि फाकलेले, पोटऱ्या व पावलांच्या आतल्या कडेने पाणी खाली दाबायचं, आणि कधीही दोन्ही पाय एकदम थांबवायचे नाहीत. एक पाय भार घेत असतो तेव्हा दुसरा परत येत असतो, म्हणून अंग वरखाली न होता एका पातळीत राहतं. त्याच पातळीवरून अचूक पास जातो. खांदा पाण्यात दोन बोटं खाली-वर झाला तरी चेंडू मीटरभर चुकतो.

हे यायला वर्षं लागतात. मांडीचा सांधा आतल्या बाजूला मोकळा वळावा लागतो, आणि डोक्यात दुसरंच काही चालू असताना पाय आपोआप फिरावे लागतात. माझ्या अनुभवात नवव्या-दहाव्या वर्षी शिकलेल्या मुलांच्या पायांत जी सहजता असते, ती चौदाव्या वर्षी शिकणाऱ्याला मिळते खरी, पण घाम गाळून. पोहण्यातून आलेली मुलं आडवी असताना मासोळी आणि उभी केली की दगड. त्यातल्या त्यात ब्रेस्टस्ट्रोकवाले लवकर जमवतात. बाकीच्यांना दोन हंगाम धरा. तोपर्यंत ती मुलं वेगाने मोकळ्या जागेत पोचतात, चेंडू घेतात आणि मग पास द्यायला उभी राहिली की छातीपर्यंत बुडतात. तुमच्या मुलाच्या जागी आलेला तो उंच मुलगा बघा. त्याचे गोल कुठून होतात? मला वाटतं, बहुतेक पळतीवर, समोर कुणी नसताना. तो उभा राहून, अंगावर बचावपटू असताना किती वेळा बरोबर पास देतो, ते मोजा. ही त्याची निंदा नाही, तो एका हंगामाचा आहे.

पोहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते, डोकं. वर्षानुवर्षं तळावरची काळी रेघ बघून पोहलेलं मूल चेंडू हातात आल्यावरही खाली बघतं. पोलोत डोकं वर, कोपरं उंच, चेंडू दोन हातांच्या मधल्या पाण्याच्या लाटेवर, नजर पुढे. यात वेग थोडा जातो, पण जग दिसतं.

आता या पायांबद्दलची वाईट बातमी. उंची झपाट्याने वाढते तेव्हा आधी पाय लांब होतात, धड मागून येतं, आणि स्नायूंची ताकद त्याहूनही मागून. उत्तम एगबीटर असलेला मुलगा साडेतेराव्या वर्षी अचानक बुडायला लागतो. पास लांब-आखूड पडतात, नेहमीचा शॉट दांड्यावरून जातो, गुडघ्याची आतली बाजू दुखते. त्याचं त्यालाच कळत नाही काय झालं. मी उमेदीच्या वर्षांत असताना अशाच एका मुलाला आळशी ठरवलं होतं. आख्ख्या संघासमोर बोललो, वरून पायांचा व्यायाम दुप्पट दिला. गुडघा आणखी बिघडला, तो हंगाम गेला, आणि मुलगा परत आलाच नाही. नंतर त्याच्या पालकांनी सांगितलं की त्या वर्षात तो दहा सेंटीमीटर वाढला होता. माझ्या वहीत त्याच्या प्रत्येक पोहण्याची वेळ होती, उंची मात्र एकदाही लिहिलेली नव्हती.

तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची घेतो, उभं राहून आणि बसून. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढ दिसली की समजायचं, गाडी वेगात आहे. त्या मुलाचं पुढचं अर्धं वर्ष मी निकालाच्या हिशोबात धरत नाही. पायांचं काम थोडं, पण नीट. फेकींची संख्या कमी, कारण खांद्याच्या हाडाची वाढीची पट्टी अजून उघडी असते आणि सतत डोक्यावरून फेकण्याचा ताण तिच्यावर येतो. जड चेंडू पूर्ण बंद. खांदा किंवा गुडघा दोन आठवड्यांहून जास्त दुखत राहिला तर "वाढीचं दुखणं आहे" म्हणून घरीच निकाल लावू नये, डॉक्टरांना दाखवावं.

मुलींचं थोडं वेगळं. अकराव्या-बाराव्या वर्षी त्या बहुधा बरोबरीच्या मुलांपेक्षा उंच असतात, आणि मिश्र गटात खेळवलं तर बिनदिक्कत त्यांना मागे टाकतात. मग कंबर रुंद होते, अंगावर चरबी येते, पाण्यातला तोल बदलतो, उडी पूर्वीइतकी वर जात नाही. याच सुमाराला पुष्कळ मुली खेळ सोडतात, कारण त्यांना वाटतं आपण बिघडलो. कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असतं की हे होणार आहे आणि नवा तोल सापडायला काही महिने लागतात, तर त्यातल्या कितीतरी टिकल्या असत्या. मुलींची वाढ लवकर उरकते याचा एक फायदाही आहे. अनुभवाचा हिशोब त्यांच्याकडे लवकर वसूल होतो. अमेरिकेची मॅगी स्टेफेन्स २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १९ वर्षांची होती आणि २१ गोल करून स्पर्धेत सर्वांत पुढे राहिली.

दम, लांब पोहणं यावर फार बोलत नाही. तो सरावाने येतो, वाढीबरोबर आणखी येतो, आणि तेराव्या वर्षी त्यावरून कुणाचं भविष्य सांगू नये.

राहिला खेळ वाचणं. खरा अनुभव इथे दिसतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा सामना म्हणजे चेंडूभोवती मोहोळ उठल्यासारखं असतं, सगळे चेंडूकडे. अकरा-बाराव्या वर्षी मूल चेंडू आणि आपला माणूस, म्हणजे ज्याला अडवायचं तो, दोन्ही बघू लागतं. पुढे कधीतरी त्याला तिसरा माणूस दिसतो, म्हणजे मी इकडे सरकलो तर तिकडे कोण मोकळा होईल, हे. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी घड्याळ दिसतं. हल्ल्याला जेमतेम अर्धा मिनिट असतो, किती उरले, कुणाचे किती फाउल झालेत, आपण पुढे आहोत की मागे. या पायऱ्या काही प्रमाणात वयाने येतात, कारण लक्ष विभागण्याची क्षमताच वाढत असते. पण सामने न खेळता पंधराव्या वर्षी आलेला मुलगा तिसऱ्या माणसापाशी अडकतो, आणि भरपूर खेळलेला तेरा वर्षांचा कधीकधी घड्याळ बघतो.

याचा पाण्यात किती फायदा होतो, त्याचा साधा हिशोब करा. बरा पोहणारा तेरा वर्षांचा मुलगा २५ मीटरला साधारण १५ सेकंद घेतो असं धरलं, तर सेकंदाला दीड मीटरहून थोडं जास्त. दुसरा मुलगा तेच १४ सेकंदांत करतो. म्हणजे पूर्ण तलाव पार केल्यावर वेगवान मुलाला एका सेकंदाची आघाडी. आता चेंडू आपल्याकडे येणार हे ज्याला एक सेकंद आधी कळलं, ज्याने शॉट सुटायच्या आत कंबर वर घेऊन अंग आडवं केलं, त्याने ती सगळी आघाडी सुरुवातीलाच वसूल केली. बाहेरून दिसतं की "हा हळू आहे, तरी पोचतो कसा?" तो आधी निघतो म्हणून पोचतो.

फाउलचंही तसंच. समोरच्याने चेंडू धरलेला असेल तर त्याला भिडायला मुभा आहे. चेंडू हातात नसताना धरलं, बुडवलं, मागे ओढलं की शिट्टी, आणि काही वेळ खेळाबाहेर. ताकदवान पण नवखा मुलगा हे शिकेपर्यंत सारखा बाहेर बसतो, तिसऱ्या वैयक्तिक फाउलनंतर तर सामन्यालाच मुकतो. मुरलेला लहानखुरा मुलगा उलट करतो. अंगावर येणाऱ्याची चाहूल लागली की बरोबर त्या क्षणी चेंडू हातातून सोडतो, आणि येणारा त्याच्यावर आदळून फाउल देऊन बसतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. पन्नास वेळा उशिरा सोडून चेंडू गमावावा लागतो.

इस्रायलमध्ये १४-१५ वर्षांच्या २४ मुलांची दोन वर्षं चाचणी घेतल्याचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांची राष्ट्रीय कुमार संघात निवड झाली, ती मुलं दोन वर्षं आधीच बहुतेक पोहण्याच्या चाचण्यांत सरस होती, आणि त्याबरोबर चेंडू घेऊन पोहण्यात आणि खेळाच्या समजेतही. मी यातून दोन अर्थ काढतो. एक, पोहणं कच्चं असलेल्याला समज तारत नाही. तुमच्या मुलाचं पोहणं कमी पडत असेल तर "त्याला खेळ कळतो" ही ढाल वापरू नका. दोन, चौदाव्या वर्षीसुद्धा समज मोजता येते आणि ती निवडीत उतरते. पोहण्याच्या वेळेत मात्र अंगाच्या वयाचा वाटा किती आणि कष्टाचा किती, हे त्या वयात वेगळं काढणं अवघड असतं, ही शंका मी मनात ठेवतो.

आता तुमच्या चार वर्षांकडे येतो. कागदावर चार वर्षांचा अनुभव असलेली दोन मुलं माझ्याकडे एकाच वेळी होती. एकाने चार वर्षं उजव्या पंखाला, म्हणजे उजव्या कडेला, उभं राहून पास दिले. त्याचं खरं तर एकच वर्ष झालं होतं, बाकी त्याची तीन पारायणं. दुसऱ्याला पहिल्या कोचने सगळीकडे फिरवलं होतं. सेंटरला, सेंटरच्या मागे, वरच्या फळीत, एक हंगाम तर गोलमध्ये. त्या गोलच्या हंगामात तो रोज रडकुंडीला यायचा असं त्याची आई सांगायची, पण त्यानंतर त्याच्यासारखा लॉब, म्हणजे गोलकीपरच्या डोक्यावरून सोडलेला उंच चेंडू, माझ्या गटात कुणाला मारता यायचा नाही, कारण गोलकीपर कधी पुढे झुकतो ते त्याला आतून ठाऊक होतं. अनुभव मोजायचा तो किती वेळा स्वतः निर्णय घेतला यावरून. तीन विरुद्ध तीनच्या छोट्या खेळात मुलाला मिनिटामिनिटाला काहीतरी ठरवावं लागतं. लेनमध्ये दोन हजार मीटर पोहताना एकदाही नाही. इटलीत लिन्यानो साब्यादोरोला भरणाऱ्या हाबावाबा या मुलांच्या महोत्सवात मैदान आणि चेंडू लहान ठेवतात, त्याचं कारण हेच. प्रत्येकाच्या हातात चेंडू जास्त वेळा यावा.

आणि ज्या उंच मुलाचा तुम्हाला राग येतोय, त्याची मला जास्त काळजी वाटते. लवकर वाढलेल्या मुलाचं काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी कोच त्याला सेंटरला नेऊन ठेवतो, गोलकडे पाठ करून. चेंडू त्याच्याकडे टाका, तो वळेल आणि मारेल. दोन वर्षं सगळे सामने जिंकतात. त्याला चेंडू घेऊन पोहावं लागत नाही, पास द्यावा लागत नाही, लांबून नेम धरावा लागत नाही, कुणाला चकवावं लागत नाही. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात, त्यातले दोघे त्याच्याही पुढे जातात. आता तो मध्यम उंचीचा सेंटर आहे आणि त्याला दुसरं काही येत नाही. अशा मुलांचं खचणं फार वाईट असतं, कारण त्यांना कुणी कधी हरायला शिकवलेलंच नसतं. लहानखुऱ्या मुलाला मात्र रोज काहीतरी युक्ती शोधावीच लागते. तो टिकला आणि पुढे वाढला, तर युक्त्या राहतात आणि वर उंची मिळते.

वाढलाच नाही तर? हाही प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण प्रत्येक उशिरा वाढणारा ताड होत नाही. स्पेनचा मानुएल एस्तियार्ते या खेळाच्या मानाने लहानखुराच राहिला. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकला तो १८ वर्षांचा होता, त्यानंतर २०००पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला, त्यातल्या चारमध्ये सर्वाधिक गोल त्याचे, आणि १९९६ला सुवर्ण. वेग, हात आणि डोकं यांवर. पण त्याचं नाव सांगून मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, असा एखादाच होतो. वरच्या पातळीला उंची आणि हातांची लांबी लागते, हे खरं आहे. फक्त ती तेराव्या वर्षी किती आहे यावरून शेवटी किती होईल ते सांगता येत नाही. आई-वडिलांच्या उंचीवरून थोडा अंदाज बांधता येतो, तोही ढोबळच.

गोलकीपरबद्दल एवढंच की त्याचं घड्याळ सगळ्यांत हळू. गोल तीन मीटर रुंद आणि पाण्यापासून नव्वद सेंटीमीटर उंच. अकरा वर्षांच्या मुलाचा हात दांड्याला पोचतच नाही. त्याच्यावर लॉब जातात आणि तो मागे रेलायला शिकतो, जी पुढे मोडावी लागणारी सवय. इटलीचा स्तेफानो तेम्पेस्ती २००० ते २०१६ अशी पाच ऑलिंपिकं खेळला, शेवटचं ३७व्या वर्षी. गोलमध्ये अनुभव इतकी वर्षं व्याज देतो. म्हणून चौदाच्या आत कुणालाही कायमचा गोलकीपर करू नये, आणि कुणाला "तुझ्यात ते नाही" असंही म्हणू नये.

आता तुमच्या मुलासाठी काय करायचं.

कोचशी बोला, पण "माझा मुलगा बाकावर का" असं विचारू नका. त्याने सरावात कुठल्या कुठल्या जागा खेळल्या, आठवड्यात किती वेळ छोटे खेळ होतात, आणि त्याच्या कुठल्या दोन गोष्टी कोचला या हंगामात सुधारलेल्या हव्या आहेत, एवढं विचारा. समंजस कोच याला उत्तर देईल. निकालासाठी उंच मुलं खेळवण्याचा दबाव कोचवरही असतो, हे लक्षात ठेवा. मीही तसं केलेलं आहे.

त्याला काही सामने धाकट्या गटात खेळता आले तर कमीपणा मानू नका. तिथे चेंडू त्याच्याकडे येईल, दुसऱ्यांना जागा सांगावी लागेल, शेवटच्या मिनिटाचा निर्णय त्याच्यावर येईल. बाकावर बसून यातलं काही मिळत नाही. मात्र पूर्ण हंगाम तिथेच काढू नये. बरोबरीच्यांचा वेग आणि रेटा आठवड्यातून दोन-तीनदा तरी अंगावर यायला हवा. त्या उंच मुलाला मी अधूनमधून मोठ्यांच्या गटात पाठवलं असतं, तिथे त्याची उंची चालत नाही आणि त्याला पास शोधावा लागतो. काही खेळांत मुलांचे गट कधीकधी जन्मतारखेऐवजी अंगाच्या वाढीवर पाडतात. कायमस्वरूपी नाही, पण महिन्यातून एखादा दिवस मी हे करतो, आणि त्या दिवशी कोण शांत आणि कोण कावराबावरा होतो ते बघण्यासारखं असतं.

घरी वजनं उचलायला लावून त्याला त्या मुलाच्या बरोबरीला आणायचा प्रयत्न करू नका. स्वतःच्या शरीराच्या वजनाचे व्यायाम, मांडीच्या सांध्याचा मोकळेपणा, खांद्यामागच्या छोट्या स्नायूंसाठी रबर बँड, इतकं पुरे. पाण्यात दोन्ही हात वर करून एगबीटर, मग तेच आडवं सरकत, मग तेच समोरच्याशी पास करत. डाव्या हाताने पास आत्ताच सुरू करा. हंगेरीचा देझ्यो ज्यार्माती १९४८ ते १९६४ या सलग पाच ऑलिंपिकमध्ये पदक घेऊन परतला, आणि तो दोन्ही हातांनी खेळायचा. तेराव्या वर्षी डावा हात वाकडातिकडा चालला तर कुणी हसत नाही. अठराव्या वर्षी शिकायला लाज वाटते.

आणि पुढच्या सामन्यात तो पाण्यात उतरेल ती चार-पाच मिनिटं त्याचे गोल मोजू नका. कागदावर तीन रेघा ओढा. चेंडू आपल्या संघाच्या हातून गेला त्या क्षणी त्याचं डोकं चेंडूऐवजी आधी आपल्या माणसाकडे वळलं का? चेंडू हातात येण्याआधी त्याने एकदा तरी बाजूला बघितलं का? पास देताना खांदे पाण्याबाहेर होते का? असे चार-पाच सामने झाले की कागद घेऊन कोचकडे जा. निम्म्याहून जास्त वेळा "हो" असेल तर त्याची चार वर्षं खरी आहेत. नसेल तर तो आणि तो उंच मुलगा साधारण एकाच इयत्तेत आहेत, आणि मग तुमचा प्रश्न निराळा होतो. उंचीची पहिली नोंद उद्याच करा, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाच लावून. पुढची तीन महिन्यांनी.